पाणी कधी सोडू

बाबा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. सकाळी बाजारात संत्री आली होती. विकणाऱ्यानं एक सोलून दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या, त्या गोड निघाल्या, आणि इतक्या वर्षांनी मला तुमचा राग आला. मोहगावच्या आपल्या बागेत नाताळ जवळ आला की तुम्ही झाडांचं पाणी तोडायचात. ताण दिल्याशिवाय संत्र्याला बहर धरत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी पानं मलूल होऊन वळायला लागली की माझा जीव कासावीस व्हायचा आणि मी तुमच्या मागे लागायची, बाबा, सोडू का पाणी? तुम्ही एक पान चिमटीत धरता, डोळे बारीक करता आणि म्हणता, ''थांब वं. अजून नाई.'' मग एखाद्या सकाळी नुसतं ''सोड'' म्हणता, आणि काही दिवसांत बाग पांढरी होते. पानात काय बघत होतात, ते कधी सांगितलं नाहीत.

मी नर्स झाले आणि चर्चतर्फे झांबियातल्या मिशनच्या दवाखान्यात सेवेला जायचं ठरलं, तेव्हा आपल्या तालुक्याच्या गावी, सौंसरभर, हसू झालं. आजवर परदेशातले मिशनरी आपल्याकडे सेवा करायला येत, ही पोरगी उलटीच निघाली! पांढुर्णा स्टेशनवर आई रडत होती, पास्टर प्रार्थना करत होते आणि तुम्ही माझ्या ट्रंकेची दोरी पुन्हापुन्हा आवळत होता. ''करमलं नाई तं वापस येजो,'' म्हणालात. ''लोकायले मी पाहून घेईन.''

नाही करमलं, बाबा. दिवसा वॉर्डात माणसं असायची, पण त्यांची भाषा मला येत नव्हती. संध्याकाळी खोलीत मराठीत प्रार्थना म्हणायची, ती ऐकायला देवाशिवाय कोणी नव्हतं. मागच्या अंगणात संत्र्याची तीन झाडं होती, कधीच न फळलेली. तिथली स्वयंपाकीणबाई त्यांना रोज पाणी घालायची. ते मी बंद करवलं. मनाशी ठरवलं, बहर आला तर राहीन, नाही आला तर ट्रंक बांधीन. बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, ''आजाऱ्यांना पाणी पाजतेस आणि झाडांना मारतेस?'' मी हसले. संत्रेवाल्याची लेक ना मी! मोहगावची काळी जमीन कितीतरी दिवस ओल धरून ठेवते आणि तिथं खाली नुसती वाळू होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बघता बघता दोन झाडं खडखडीत वाळली. तिसऱ्याची पानं वळली, तेव्हा तुमच्यासारखं एक पान चिमटीत धरून पाहिलं. काही कळलं नाही. उत्तर यायला महिना लागेल हे माहीत असूनही तुम्हाला पत्र टाकलं, बाबा, पाणी कधी सोडू?

त्यानंतर दोन-तीन दिवसांत तार आली. तुम्ही गेलात. माझं पत्र तुमच्या मातीनंतर घरी पोचलं.

तार हातात घेऊन मी मागच्या अंगणात गेले आणि झाडाला बादल्यांवर बादल्या ओतत राहिले. विचारायला आता कोणी उरलंच नव्हतं. स्वयंपाकीणबाई आली, तिनं दुसरी बादली उचलली. आम्ही दोघी पाणी घालत होतो आणि मी मोठमोठ्यानं रडत होते.

ते झाड फुललं, बाबा. मी राहिले. बापाच्या मातीला न जाता प्रभूच्या सेवेत राहिली, असं सौंसरच्या चर्चमध्ये अजूनही माझ्याबद्दल सांगतात. मी खाली मान घालून ऐकते. हे पत्र टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला खरं सांगते. मी फक्त ती संत्री पिकायची वाट बघत राहिले होते. पिकली, तेव्हा तोंड वाकडं होईल इतकी आंबट निघाली. कोणाला एक फोड दिली नाही. खोलीचं दार लावून सगळी एकटीनं खाल्ली.