सहा लिटरची पाव टाकी

प्रिय धाकट्या,

डिझेलच्या काट्यावर भरवसा ठेवून भर रस्त्यात उभ्या राहिलेल्या आणि वर चोर ठरलेल्या तमाम ड्रायव्हरांच्या वतीने तुला हे लिहिते आहे. हसू नकोस. चोवीस वर्षं संघटनेचा माईक हातात धरल्यावर सख्ख्या भावाला लिहितानाही सभेचा सूर लागतोच. आणि या वेळी तो सूर चुकीचा नाही. गाडी बंद पडली की लोक आधी ड्रायव्हरकडे बघतात, मग काट्याकडे. काटा ‘आहे’ म्हणाला आणि टाकी ‘नाही’ म्हणाली, तर मधलं डिझेल ड्रायव्हरने विकलं, असं ठरवायला त्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. तुला आणि मला हे कोणी समजावून सांगायला नको. आपल्या घरात ते घडलंय.

बाबांची काठी तुला आठवतच असेल. त्यांच्या ट्रकचा काटा बारा महिने अर्ध्यावर चिकटलेला. मालक म्हणायचा, गाडी चालतेय ना, मग काट्याचं काय लोणचं घालायचंय? म्हणून बाबांनी पट्टीसारखी सपाट काठी तासून तिच्यावर खाचा पाडल्या. टाकीत बुडवायची, बाहेर काढायची, ओल कुठवर आली ते बघायचं. तू पाच वर्षांचा होतास, काठी पुसायचा मान तुझा. मग एका दुपारी ती काठी अड्ड्यावर कुणीतरी मोडली, बाबा अंदाजाने निघाले आणि ट्रक माळावर थांबला. मालकाने काट्यावर बोट ठेवलं, ‘हा अर्धी टाकी दाखवतोय, मग अर्धी टाकी कुठं गेली?’ ज्या काट्याची दुरुस्ती त्याने चार वर्षं केली नव्हती, तोच काटा त्याचा साक्षीदार झाला. बाबा घरी आले, पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ते दुसऱ्याच्या गाडीवर पुन्हा कधी चढले नाहीत.

तू मोठेपणी गाड्यांच्या कंपनीत, काटे बसवणाऱ्या खात्यात गेलास, तेव्हा मी आईला म्हटलं होतं, हा काठीच पुसतोय अजून. पहिल्या वर्षी सुट्टीला आलास तेव्हा जेवताना वाटीत बोट बुडवून तू मला सगळं समजावलं होतंस. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, त्याला दांडी असते, गोळा जितका वर तितका काटा वर. पण टाकी म्हणजे काही चौकोनी डबा नाही, तिला पोट असतं, खाचा असतात, म्हणून वरचा पाव हळूहळू सरतो आणि खालचा पाव बघता बघता. गाडी हलली की तेल हिंदकळतं, म्हणून काटा मुद्दाम दमादमाने हलवतात, नाहीतर तो नाचत बसेल. आणि ‘इतके किलोमीटर जाईल’ हा आकडा तर मागच्या प्रवासावरून काढलेला अंदाज. वाटी कलती धरून तू म्हणाला होतास, ‘ताई, काटा मोजत नाही गं, तो सांगोवांगी बोलतो.’ आई ओरडली, ‘आमटी सांडतोयस.’ मी हे वाक्य एकाही भाषणात वापरलं नाही. वापरायला हवं होतं.

आता इथली हकिगत. आमच्या रुग्णवाहिका तळावर एक ड्रायव्हर आहे, त्याला सगळे सायलेन्सर म्हणतात. कारण तो बोलतच नाही. चहा हवा का विचारलं तर कप पुढे करतो. मला मागून भोंगा म्हणतात हे तुला ठाऊक आहे. सायलेन्सर आणि भोंगा एकाच गाडीला कसे, असं मिस्त्री रोज विचारतो आणि स्वतःच हसतो. दीड महिन्यापूर्वी सायलेन्सरने सकाळच्या पाळीला गाडी ताब्यात घेतली. रात्रपाळीवाल्याने वहीत ‘पाव टाकी’ लिहिलेलं, काटाही पाववर, पडद्यावर आकडा एकशे दहा किलोमीटरचा. मग वरून हुकूम आला, गाडी चालू ठेवा, आतला कक्ष गार ठेवा, केव्हाही निघावं लागेल. दीड तास गाडी जागेवर धडधडत होती. एक किलोमीटरही सरला नाही, त्यामुळे तो आकडा काही ढळला नाही. मग बोलावणं आलं. खुब्याचं हाड मोडलेल्या एका बाईंना घेऊन तो टेकडीवरच्या हॉस्पिटलकडे निघाला आणि चढाच्या निम्म्यात दिवा लागला. दोन वळणांनंतर इंजिन गेलं. दुसरी गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ सायलेन्सर त्या बाईंचा हात धरून बसला होता आणि, विश्वास ठेव, बोलत होता. त्यांच्या नातवंडांची नावं विचारत होता. बाई आता काठी धरून चालतात आणि त्याची चौकशी करतात.

पण चौकशी समितीचं गणित निराळं. साठ लिटरची टाकी, पाव म्हणजे पंधरा. जळाले असतील पाच-सहा. उरलेले नऊ कुठं गेले? आरोप हलगर्जीचा नाही, चोरीचा आहे. सिद्ध झाला तर त्याची नोकरी गेलीच, पण परवान्यावर शिक्का बसला की त्याला कोणी हातगाडीसुद्धा चालवायला देणार नाही.

त्या तळावर मी हजार वेळा गेले असेन, पण जमिनीकडे कधी नीट बघितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात गाडीची पुस्तिका घेऊन बसले. जाडजूड, कोरी करकरीत, तळावर एकानेही न उघडलेली. मी तर औषधाच्या बाटलीवरचा कागदही शेवटपर्यंत वाचते. आत बारीक अक्षरात होतं, ‘गाडी उतारावर उभी असताना दर्शवलेली पातळी प्रत्यक्षापेक्षा वेगळी असू शकते.’ मी उठून तळावर गेले. गाड्या लावायची जागा चढाची आहे, धाकट्या. सगळ्या गाड्या तोंड वर करून उभ्या असतात, बाहेर काढायला सोपं म्हणून. आणि पाळी बदलताना काटा वाचायचा तो तिथंच, जागेवर. गेली अकरा वर्षं त्या वहीतली प्रत्येक ओळ उतारावर उभं राहून लिहिलेली आहे. जुन्या ड्रायव्हरांना विचारलं तर एकजण कान खाजवत म्हणाला, ‘दोन बोटं जास्तच दाखवतो इथं. मी मनात वजा करतो.’ मनात! सायलेन्सर इथं आल्याला तीन आठवडे झाले होते. त्याला त्या दोन बोटांची गोष्ट सांगणार कोण, आणि तो विचारणार कुणाला?

मी मिस्त्रीला धरलं. टाकी पूर्ण रिकामी केली. लिटरच्या मापाने मोजून सहा लिटर घातले. सपाट जागेवर काटा तांबड्या रेघेवर, दिवा लागलेला. गाडी तिच्या नेहमीच्या जागी तोंड वर करून लावली, चावी बंद करून पुन्हा फिरवली. तेल मागे सरकून गोळ्याखाली साचलं. काटा पाववर. दिवा बंद. मिस्त्री पुटपुटला, ‘आयला, पंपावर न जाताच भरली.’ तीनदा केलं, तीनदा तेच. टेकडीचा चढ तळाच्या फाटकापासूनच सुरू होतो, बाईंचं घरही त्याच चढावर, आणि तोही तोंड वरच करतो, म्हणून दिवा उशिरा लागला. चोरी कुठंच नाही. सहाच लिटर होते आणि सहाच जळाले.

समितीला हे सांगितलं, तर अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, तुम्ही पुढारी. तुमचं काम आवाज करायचं. आम्ही सपाटीवर अर्धी टाकी घालून बघितली, काटा बरोबर आहे.’ असेलही. काट्याने कधी शपथ घेतली नव्हती. अंदाज सांगायला बसवलेल्या वस्तूला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून तिच्या शब्दावर माणसाला चोर म्हणायचं, हा गुन्हा काट्याचा नाही. तुझाही नाही. तुझ्याच खात्यात बसवलेला काटा आहे हा, म्हणून तू आठवडाभर माझा फोन उचलत नाहीस, हे मला कळतं. कंपनीविरुद्ध एक अक्षर बोलू नकोस. वाटी कलती करून जे मला दाखवलंस, तेवढंच त्यांना दाखव.

आता ते, जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. गाडी बंद पडली त्या संध्याकाळी सायलेन्सर माझ्याकडे आला होता. म्हणाला, ‘ताई, काटा पाववर होता.’ आणि मी त्याला म्हणाले, काटा माझ्या भावाच्या हातचा आहे, तो खोटं बोलत नाही. हलगर्जी झाली असं लिहून दे, आरोप सौम्य होईल. त्याने माझ्याच पेनाने सही केली. तोच कागद आता त्याच्याविरुद्ध कबुली म्हणून वाचला जातोय. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं होतं की याने विकलंच असणार. बाबांच्या मालकाला वाटलं होतं तसंच. ते मी मंगळवारी समितीपुढे उभी राहून सांगणार आहे, माझ्या सगळ्या आवाजात. पण सायलेन्सरला माझा पश्चात्ताप नको आहे, त्याला काटा जाणणारा माणूस हवा आहे. मिस्त्री टाकी रिकामी करून ठेवेल, चढावरची जागाही मोकळी असेल. तू मंगळवारी सकाळी दहाला तळावर ये आणि समितीच्या डोळ्यांसमोर, तुझ्या हाताने, त्या टाकीत सहा लिटर ओत.

तुझीच, वाट बघत फाटकाशी उभी असलेली,
ताई