जयवंताबाईच्या नवऱ्याचे नाव

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
मंडल तहसील कार्यालय, निंबधरा,
जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा राज्य.

अर्जदार : नागोराव किसनराव गुरनुले, वय ५२, धंदा भाजीपाला, मुक्काम बोरवंडी.

विषय : माझी मयत पत्नी जयवंताबाई हिच्या मृत्यू दाखल्यात पतीचे नाव दुरुस्त करून दाखला १५ सप्टेंबरपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) मृत्यू दाखला दि. २३ जून २०२५.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र दि. ७ ऑगस्ट २०२५ (विवाहाचा पुरावा नसल्याने दुरुस्ती नामंजूर).

महोदय,

१. माझी बायको जयवंताबाई ११ जून रोजी दवाखान्यात ऑपरेशननंतर वारली. आमचा संसार बावीस वर्षांचा. मृत्यू दाखला तेलुगूत मिळाला. मला तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही, म्हणून आमची मुलगी मीनल हिने वाचून दाखवला. नवऱ्याच्या रकान्यात बाबाराव लेनगुरे असे नाव निघाले. बाबाराव हा जयवंताबाईचा पहिला नवरा. तो २००० साली साप चावून वारला, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तिचे मतदान कार्ड त्याच्या गावी निघाले होते. त्यावरून रेशन कार्ड झाले, त्यावरून आधार झाले आणि त्यावरून आता मृत्यू दाखला झाला. हयात असताना ती दोन वेळा नाव बदलायला गेली होती. लग्नाचा पुरावा मागितल्यावर घरी येऊन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या जी. मले ठाव हाय मी कोनाची हाव." म्हणून राहू दिले. ही चूक माझी आहे.

२. दुरुस्तीसाठी पंचायत सेक्रेटरी भाग्यलक्ष्मी मॅडम यांना भेटलो. त्यांनी लग्नाचा फोटो, लग्नपत्रिका आणि लग्नाला हजर असलेले दोन साक्षीदार आणायला सांगितले. मागणी रीतसर आहे, माझी तक्रार नाही. फक्त आमचे लग्न कसे लागले ते आपणास माहीत असावे.

३. आमच्यात विधवेचे लग्न लागत नाही, पाट लागतो. पाट अंधार पडल्यावर लावतात. त्याला वाजंत्री नसते, पत्रिका नसते, अक्षता नसतात. सवाष्ण बाईने तो पाहायचा नसतो, म्हणून घरातल्या सगळ्या बाया त्या दिवशी शेजारी जाऊन बसल्या. जयवंताबाईला मागच्या दाराने घरात घेतले. हजर माणसे तीन होती : माझा काका, तिचा मामा आणि पाट लावणारा म्हातारा. कोणाला दिसू नये म्हणून एवढी काळजी घेतलेल्या लग्नाचे आपण पाहणारे साक्षीदार मागता. त्या तिघांनाच आणले असते, पण तिघेही वारले. त्यांच्या मृत्यूचे दाखले मात्र आणू शकतो. त्यांत नावे बरोबर आहेत.

४. तरी माझ्याजवळ लग्नाचा फोटोच नाही असे मी म्हणणार नाही. एक आहे. बिनलग्नाच्या पुरुषाने विधवेशी थेट पाट लावला तर दोष लागतो असे मानतात. म्हणून आधी त्याचे लग्न रुईच्या झाडाशी लावतात. मग रुई त्याची पहिली बायको होते आणि विधवा दुसरी. माझ्या आईने हे लग्न हौसेने केले, कारण तिला मुलाचे दुसरे कोणते लग्न पाहायला मिळणार नव्हते. सकाळी अकरा वाजता बांधावर मंगलाष्टके झाली, डफडे वाजले, तीस माणसे बुंदी जेवली. मला मुंडावळ्या होत्या, रुईलाही होत्या. रुईला हिरवे लुगडे गुंडाळून कुंकू लावले. गुडीहत्नूरहून फोटोवाला आणला होता. फोटो चांगला आला आहे. पाट त्याच दिवशी संध्याकाळी लागला, तोवर फोटोवाला निघून गेला होता.

हा फोटो मी पहिल्या अर्जाला जोडला होता. आपल्या कार्यालयातील कारकून साहेबांनी तो बराच वेळ पाहून विचारले, "इसमें औरत किधर है?" मी बोट लावून दाखवले. त्यांनी तो शेजारच्या टेबलावर दाखवला, तिथून तो आणखी दोन टेबले फिरला. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

जयवंताबाई त्या रुईला मोठी म्हणायची. वांग्याला पाणी सोडले की सांगायची, "मोठीले बी घाला जी, नाईतं रुसन." एका उन्हाळ्यात रुई वाळली, तेव्हा म्हणाली, "झालं, आता तुमी बी माह्यासारखेच." कायद्याने पाहता मी त्या दिवशी विधुर झालो. पण त्यामुळे मला कोणत्या पंगतीतून उठवले नाही, की कोणत्या शुभकार्यात मागे बसवले नाही.

५. फोटो चालत नसल्यास इतर कागद पाहावेत. २००९ साली जयवंताबाईचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले. त्या सरकारी कागदावर पतीचे नाव नागोराव आहे. गेल्या जूनमध्ये ऑपरेशनच्या आधी डॉक्टर साहेबांनी 'पती' असे छापलेल्या जागी माझी सही घेतली, आणि ती वारल्यावर प्रेतही माझ्याच सहीवर ताब्यात दिले. हे दाखवल्यावर कारकून साहेब म्हणाले, "इससे दस्तखत साबित होती, शादी साबित नै होती." मग मी मीनलचा शाळेचा दाखला दाखवला. त्यात बाप नागोराव आणि आई जयवंताबाई आहे. ते म्हणाले, "इससे बच्ची साबित होती." म्हणजे मीनल माझी आहे, जयवंताबाईची आहे, आणि आम्ही दोघे एकमेकांचे कोणी नाही.

६. चौकशीला महसूल खात्याचे गिरदावर साहेब गावात आले. त्यांनी माझी भावजय बयनाबाई हिला विचारले, ही बाई यांची कोण होती. ती म्हणाली, "बायकोच होती तं. दुसरी कोन ऱ्हाते बावीस वरसं याच्या घरात? पन पाटाची." पाटाची म्हणजे काय, असे साहेबांनी विचारले. ती म्हणाली, "म्हंजे लग्नाची नाई." साहेबांनी शेवटचे तेवढे लिहून घेतले.

७. आपल्या पत्रात असेही आहे की, पहिला नवरा मयत असल्यास त्याचा मृत्यू दाखला आणावा. त्यासाठी मी मुधोळकडे बाबारावच्या गावी जाऊन आलो. त्याची नोंद कोणी केलीच नव्हती. त्याच्या भावाने चहा पाजला आणि म्हणाला, "पंचवीस वरसानं त्याले मारून काय करता पाव्हणे? कागदात पडून हाय तं पडू द्या." यावरून माझी समजूत अशी झाली की, आपल्या कार्यालयाच्या दृष्टीने बाबाराव जिवंत आहे आणि जून महिन्यात त्याची बायको वारली. तसे असल्यास दुःख त्याचे आहे. तेराव्याला तो आला नव्हता, एवढेच मला सांगता येईल.

८. हे सगळे मी १५ तारखेच्या आत का मागतो, ते आता लिहितो. नवरा हयात असताना बाई गेली तर ती सवाष्ण गेली असे धरतात. तिला हिरवे लुगडे नेसवतात, नवरा तिच्या कपाळी कुंकू लावतो, ओटी भरतात. पुढे पितृपक्षातल्या नवमीला तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात. या वर्षी ती नवमी १५ सप्टेंबरला आहे.

जयवंताबाईला घरी आणले तेव्हा मी हिरवे लुगडे काढून ठेवले होते. ते तिने मीनलच्या लग्नासाठी घेतले होते. त्या लग्नात तिला हळदीला हात लावू दिला नाही, ती आत कांदे चिरत होती. कन्यादानाला माझे भाऊ आणि वहिनी बसले, कारण त्याला जोडी लागते. लुगड्याची घडी मोडलीच नाही. बयनाबाईने ते बाजूला सारले. म्हणाली, "भाऊजी, एकदा पुसलेलं कपाळ हाय. सवाष्ण म्हनून कसं न्यावं?" ती वाईट मनाने बोलली नाही. रात्रभर दवाखान्यात तीच बसली होती आणि सगळ्यांत जास्त तीच रडत होती. मी कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभा होतो. चार बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी करंडा परत फळीवर ठेवला. तेव्हा मी बोललो असतो तर आपणास हा त्रास झाला नसता.

नवमीबद्दल विचारले तर बयनाबाई म्हणते, विधवेची नवमी कोण जेवेल. मी म्हटले, मी तिचा नवरा जिवंत आहे. ती म्हणाली, "तुमी हाव जी. पन तिचा नवरा तं बाबाराव, तो मेला." गावाच्या मते बाबाराव मेला म्हणून ती विधवा. आपल्या मते बाबाराव मेला नाही म्हणून ती त्याची बायको. दोन्हीकडे बाबाराव आहे, मी कुठेच नाही.

९. माझे स्वतःचे म्हणाल तर मला काहीच झाले नाही. तेरावे झाल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या बोअरला नारळ फोडायला मलाच बोलावले. बोअर दोनशे ऐंशी फूट कोरडी गेली. माझ्या तोंडामुळे गेली असे कोणी म्हटले नाही. जयवंताबाई त्या बाजूने नुसती पाटी घेऊन गेली असती तर म्हटले असते. महिन्याच्या आत मला दोन स्थळे आली. एक मुलगी चौतीस वर्षांची, बिनलग्नाची आहे. या खेपेला लग्न दिवसा लागेल, बँड राहील आणि फोटोवाला शेवटपर्यंत थांबेल असे सांगतात. म्हणजे त्या बाईचा दाखला बरोबर निघेल. मी नाही म्हणून कळवले आहे.

१०. तरी विनंती की,

(अ) जयवंताबाईच्या मृत्यू दाखल्यात पतीचे नाव नागोराव किसनराव गुरनुले असे करावे. त्यासाठी कोणतीही शपथ घ्यायला मी तयार आहे. दाखल्यावर सरकारचा शिक्का पाहिला की बयनाबाई मानेल. तिला वाचता येत नाही, पण शिक्क्याला ती मानते.

(ब) हे नियमात बसत नसल्यास आपल्या सहीशिक्क्याने एवढे लिहून द्यावे की, बाबाराव लेनगुरे हा ११ जून २०२५ रोजी जिवंत होता. आपला दाखला तेच सांगतो, त्यामुळे नवीन पुरावा लागणार नाही. तो कागद मी मीनलकडून बयनाबाईला वाचून दाखवीन. पहिला नवरा जिवंत म्हटल्यावर जयवंताबाई सवाष्ण गेली हे गावाला मानावे लागेल, आणि १५ तारखेला तिच्या नावाचे पान वाढता येईल. बावीस वर्षांत तिला सवाष्ण म्हणून कोणाच्या घरी जेवायला बसवले नाही, निदान आता तरी तिच्या नावाने कोणी बसेल.

(अ) मिळाल्यास उपकार होतील. पण दोन्हींपैकी एकच देता येत असेल आणि (ब) लवकर होणार असेल, तर (ब) द्यावे. ती बाबारावची बायको म्हणून सवाष्ण ठरली तरी मी हरकत घेणार नाही. स्वयंपाक मी करीन. जेवायला येणारी बाई नवऱ्याचे नाव विचारत नाही, आणि वाढताना मी ते सांगणार नाही.

दर सोमवारी आपल्या कार्यालयाच्या बाकावर हजर असलेला,

नागोराव किसनराव गुरनुले
(सही)
बोरवंडी, दि. २५ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) मृत्यू दाखल्याची नक्कल.
२) कुटुंब नियोजन ऑपरेशनचा कागद, २००९.
३) मीनलचा शाळेचा दाखला.
४) या अर्जाचे तेलुगू भाषांतर. ते टायपिस्टने केले आहे, बरोबर आहे की नाही मला वाचता येत नाही.
५) लग्नाचा फोटो आपल्याकडेच आहे, तो एकच आहे, परत मिळावा.
६) कोरा कागद एक, (ब) प्रमाणे लिहून देण्यासाठी.