बटण पेशंटनंच दाबायचं

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिलं खरं, पण जन्मात तुला असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "काय गं माले, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" नाही रे. सकाळी ती डॉक्टरीणबाई घरी येऊन गेली, तेव्हापासून नाही.

कुठली म्हणून विचारशील. तुला भूल देणारी. बारीक, चष्मा लावणारी. ऑपरेशनच्या टेबलावर घेताना तू तिला दम दिला होतास, "पोरी, नीट झोपीव, मधीच उठलो तर तुझं काय खरं न्हाय." ती. तुला जाऊन चार महिने झाले आणि आज ती कांडपाच्या शेडमध्ये चटणीच्या ठसक्यानं शिंकत शिंकत कट्ट्यावर बसली.

ती म्हणाली, ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून अफूच्या जातीची औषधं देतात. मॉर्फिन त्यातलंच. त्यानं काही जणांचा श्वास मंद होत होत थांबतो. असं का होतं, कुणाचं होतं, आधी कसं ओळखायचं, याचा ती अभ्यास करते आहे. ज्यांच्या घरात असं घडलं त्यांच्याकडे स्वतः जाऊन विचारते. दवाखान्याची बाजू मांडायला आली असती तर मी तिला दारातूनच हाकललं असतं, पण ती हात जोडून आली. काय करणार!

मग तिनं कागद काढला. तुझ्या खाटेशी दांड्यावर लावलेलं ते औषधाचं यंत्र आठवतं? त्याला वायर, वायरीला बटण. बटण दाबलं की थोडं औषध शिरेत. त्या यंत्राच्या पोटात सगळं राहतं म्हणे, किती वाजता दाबलं, किती वेळा दाबलं. दुपारी एक ते तीन, सात वेळा. तिनं विचारलं, "या वेळात बटण कोण दाबत होतं, आठवतं का?"

वैनी म्हणाली, "त्येच की. दुसरं कोण दाबंल?"

आणि मी म्हटलं, "व्हय. अण्णाच."

बाईनं पेन उचललं आणि परत ठेवलं. म्हणाली, "घाई नाही. मी उद्या अकरानंतर दवाखान्यात आहे." माझ्याकडे बघून म्हणाली ती, वैनीकडे नाही.

अण्णा, तुझ्यावर मला इतका राग आहे की तू समोर असतास तर चटणीचं घमेलं तुझ्या टाळक्यात घातलं असतं. चालू मशीनवर पट्ट्याला राळ लावायला कोण जातं? शंभरदा सांगितलं होतं, बंद कर, मग लाव. "मशीन बंद केली की गिऱ्हाईक बोंबलतंय!" घे मग. बाही धरली पट्ट्यानं, हात ओढला, तुला उचलून पुलीवर आपटलं. खांदा निखळला, हात तीन ठिकाणी मोडला, हाड कातडीबाहेर. मी खटका पाडला तेव्हा भिंतीवर रक्त होतं आणि तू जमिनीवर बसून काय म्हणालास? "त्या बाईंची ब्याडगी मिरची आधी भरून द्या, सकाळधरनं थांबल्यात."

दुखतंय म्हणायला काय पोटात गोळा येत होता तुझ्या?

आपलं घरच तसं. बापानं कधी पाणी मागितलं नाही, आईनं तोंड बघून ओळखायचं. तूही तसाच. पुरुषानं मागायचं नाही, बाईनं ओळखायचं, आणि ओळखलं नाही तर ताट भिंतीवर! असल्या घरात वाढलेल्या माणसाच्या हातात त्यांनी बटण दिलं आणि सांगितलं, दुखलं की दाबा. तेही डाव्या हातात, कारण उजवा बांधलेला.

ऑपरेशनच्या आधी त्या बाईनं विचारलं होतं, "झोपेत घोरता का?" तुला केवढा अपमान वाटला! "बाईमाणसांसमोर असलं इचारत्यात व्हय? न्हाय घोरत." मी शेजारी उभी होते. तू घोरायला लागलास की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची, मध्येच श्वास अडकून तू दचकून उठायचास, आणि मी तोंडाला पदर लावून हसत राहिले. एक शब्द बोलले नाही. आज कळलं की ते ती उगाच विचारत नव्हती. असं घोरणाऱ्या जाड माणसालाच या औषधाचा धोका जास्त असतो.

बटण दिलं ते रेणुकानं. तुझ्या वॉर्डातली सिस्टर, कर्नाटकच्या हद्दीकडची पोर, मला मावशी म्हणायची. तिनं नीट सांगितलं होतं. "मावशी, बटण पेशंटनंच दाबायचं. झोपल्यात म्हणजे दुखत न्हाय. तुम्ही कुणी दाबायचं न्हाय, बरं का?" मी म्हटलं, "व्हय व्हय, कळलं."

कळलं होतं, अण्णा. ऐकू आलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

पण तू दाबेनास. ओठ दाताखाली धरून पडलेला, कपाळावर घाम, मानेची शीर ताठ. मी म्हटलं, दाब की. "माझं मी बघतो." झोपेतही कण्हायचास, आणि जागा झालास की गप्प. मग मी तुझ्या मुठीतून बटण काढून घेतलं. यंत्रावर हिरवा दिवा लागला की दाबायचं. कपाळाची आठी सुटली. मला बरं वाटलं. दिवा लागला, परत दाबलं.

दुसरं काय करणार होते मी? तेरा वर्षांपूर्वी इचलकरंजीत नवऱ्यानं मागातला धोटा काढून माझ्या तोंडावर मारला, चार दात पाडले, तेव्हा मी तरी कुठं कुणाला कळवलं होतं? तूच कुठून तरी ऐकलंस. मोटारसायकल मारत आलास, माग चालू असताना शेडमध्ये शिरलास आणि त्याला दोन मागांच्या मधल्या बोळात लोळवून तुडवलंस. त्याची बरगडी मोडली, तुझी भुवई फुटली. चार माणसं लागली तुला ओढायला. तशाच रक्ताळल्या तोंडानं मला मागं बसवलंस आणि थेट हातकणंगल्यापर्यंत गाडी मारलीस. तिथं थांबून म्हणालास, "उसाचा रस पिणार?" बास. त्या दिवसापासून हे घर माझं. वैनीनं तोंड वाकडं केलं तर तू म्हणायचास, "ती हितंच ऱ्हाणार. ज्याला पटत न्हाय त्यानं जावं."

म्हणून मला वाटलं, आता माझी पाळी. तू सांगणार नाहीस, मी ओळखायचं.

त्या दुपारी वैनी आंघोळीला घरी गेली होती. प्रवीण तुझ्यासाठी पेज आणायला गेला होता. तू घोरायला लागलास. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "पावण्यास्नी झ्याक झोप लागलीया." मी हसले. घोरता घोरता थांबायचास, मग एकदम खेचून श्वास घ्यायचास. घरीही तसंच करायचास की! मला काय कळणार? नाकाला ऑक्सिजन होता, बोटाच्या चिमट्याचा आकडा चांगला होता. बाईनं आज सांगितलं, ऑक्सिजन चालू असला की तो आकडा बराच वेळ चांगला दिसतो आणि आत श्वास मात्र बुडत असतो. म्हणून दवाखान्यात आता नाकाशी नळी लावून बाहेर पडणारा श्वास मोजून बघतायत. "घोरणं म्हणजे गाढ झोप असं सगळ्यांनाच वाटतं," म्हणाली. "शिकत असताना मलाही वाटायचं."

मग तू गप्प झालास. मी चादर खांद्यावर ओढली.

रेणुका आली, तुझ्याकडे बघितलं आणि हातातला ट्रे टाकून दिला. तुझ्या छातीवर मुठी मारल्या, नाव घेऊन ओरडली, गालफडात चापट्या हाणल्या. तुझे ओठ निळे पडले होते. डॉक्टर धावत आले, एक जण खाटेवर चढला आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागला. काड्याची पेटी चिरडावी तसा आवाज आला. बरगड्या, अण्णा. तुझ्या. मी त्याचा शर्ट धरून ओढला, "मारतोस काय रं त्याला!" मला दोघांनी खाटेलगतच्या भिंतीशी दाबून धरलं. या औषधाला उतारा असतो, तो त्यांनी शिरेत घातला, परत घातला. उशीर झाला होता. सगळे घामानं निथळत मागं सरले आणि तू तोंड उघडं टाकून पडलास.

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलं नाही.

रेणुका रडत होती. तिनं यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. बटण माझ्या मुठीत होतं. एवढ्या दंग्यात ते मी सोडलंच नव्हतं. तिनं हळू आवाजात विचारलं, "मावशी, तुम्ही दाबलासा काय?"

खाटेशेजारी स्टीलचा डबा होता. तो मी तिच्या तोंडावर घातला. ती पडली. केस धरून उठवली आणि परत कानावर घातला. मी ओरडत होते, "माझ्या भावाला मारलीस! तू मारलीस!" तेवढ्यात प्रवीण दारात आला. त्यानं बाप बघितला, आत्या बघितली आणि पुढचं त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पेजेचं भांडं भिरकावलं, सलाईनचा दांडा उपटला, काचा फोडल्या, छाती दाबणाऱ्या त्या डॉक्टरच्या पाठीत दांडा घातला. शेजारचा म्हातारा खाटेखाली शिरला. पोलीस आले तोवर फरशीवर पेज, काचा आणि रक्त.

रेणुकाला एका कानानं ऐकू येत नाही आता. आपण तिच्यावरच तक्रार दिली, हयगय केली म्हणून. नोकरीवरून तिला घरी बसवलंय. आपल्यावर केस आहे ती आहेच, पण गल्लीत सगळे म्हणतात, भावासाठी बहीण वाघिणीसारखी लढली. आणि मी ऐकून घेते! मान खाली घालून, डोळे पुसत. तू नवऱ्याला मारलंस ते त्यानं मला मारल्याचं कळलं म्हणून. मी त्या पोरीला कशासाठी मारलं? तिनं खरं विचारलं म्हणून. तुझ्या त्या मारण्यात आणि माझ्या मारण्यात काय साम्य राहिलं, सांग की!

इथवर लिहिलं आणि वही मिटून मी आत गेले. वैनी भाकरी थापत होती.

मी म्हटलं, "वैनी, बटण मी दाबत हुतो."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली तिनं. उठली, पिठाच्या हातांनी माझ्या झिंज्या धरल्या आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. उलथनं घेऊन पाठीत मारलं. तुला माहीत आहे, माझ्या अंगाला कुणी हात लावला तर मी हात मोडल्याशिवाय राहत नाही. आज हात वर केला नाही. दमली तेव्हा ती तिथंच बसली आणि म्हणाली, "चार महिनं माझ्या ताटात जेवलीस की गं!" मग म्हणाली, "प्रवीण यायच्या आत भाईर हो. त्यो जीव घील तुझा."

तेरा वर्षांनी पिशवी भरली. दोन लुगडी, आधारकार्ड, ही वही. आता शेडच्या कट्ट्यावर बसून उरलेलं लिहिते आहे. फुटलेल्या कपाळाला शेडमधली चटणी लागली आहे, आग आग होते आहे. पाणी मारणार नाही.

अण्णा, उद्या अकराला मी त्या बाईकडे जाणार. तिच्या कागदावर माझं नाव घालायला लावणार. तिथून पोलीस ठाण्यात, रेणुकावरची तक्रार खोटी आहे असं लिहून द्यायला. मग तिच्या गावाला. तिच्या आईसमोर सांगणार. ती पोर डबा उचलून माझ्या तोंडावर घालेल तर घालू दे. तू म्हणशील, "माले, गप बस, घरातलं घरात ऱ्हाऊ दे." यावेळी तुझं ऐकणार नाही.

आणि अजून एक आहे. वैनीला हे बोलायला तोंड उघडलं नाही.

सहा वेळा मी तुझ्यासाठी दाबलं. तुझ्या कपाळाकडे बघून. देवाशपथ. सातव्यांदा तुझ्या कपाळाला आठी नव्हती. तू कण्हत नव्हतास. तुला काही दुखत नव्हतं, अण्णा. दोन रात्रींची जागलेली होते मी, तू उठलास की परत चिडचिड, परत "उशी काढ, उशी घाल", आणि मला अर्धा तास डोळा मिटायचा होता. हिरवा दिवा लागला आणि मी दाबलं.

बाईच्या कागदावर याला रकाना नसेल. तरी मी तिला लिहायला लावीन. शब्द देते.

मालन