काच कोरडी ठेवण्याचे उपाय

२८ डिसेंबर १९९६
यामानाका सरोवराजवळ मुक्काम. ऑफिसातल्या साकामोतो-सानचा कॅम्पिंग ट्रेलर, प्रोपेनचा हीटर, समोर फुजी (ढगात). नयना आणि आमची लेक तन्वी पुण्याहून पहिल्यांदाच आल्यात. योकोहामाला माझ्याकडे कायमचं यायचं की नाही, ते नयना या सुट्टीत ठरवणार. मी निर्धास्त. किल्ली देताना साकामोतो-सान म्हणाले होते, हीटर लावलात की खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. जपानी लोक उगाच काळजी करतात. बाहेर उणे सहा! उलट छताची झडप आणि सगळ्या फटी पुण्याहून आलेल्या पेपरांनी बुजवल्या. आत काय ऊब!

२९ डिसेंबर, सकाळ
काचांना घाम फुटलाय. तन्वी खूश, बोटाने घर काढत बसली. गाद्या खालून ओल्या. नयनाचा संशय हीटरवर. तिला समजावलं, आग पाणी आटवते, तयार करत नाही. मी इंजिनिअर आहे (सॉफ्टवेअरचा का असेना). मग हे पाणी येतं कुठून, म्हणाली. सरोवरातून, म्हटलं.

३० डिसेंबर
हीटर मोठा केला. ओल वाढली. विचित्रच.
नवा उपाय. आई मिठाच्या बरणीत तांदूळ टाकायची. होता नव्हता तेवढा तांदूळ मोज्यांत भरून कोपऱ्याकोपऱ्यांत टांगला. संध्याकाळी नयना कुकर लावायला गेली आणि तांदूळ कुठाय विचारलं. मोजे दाखवले. धुतलेले होते! तरी कोनबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, पाव आणावे लागले.

३१ डिसेंबर
नयनाचं डोकं दुखतंय. उंचीमुळे. तन्वी खोकतेय. हवाबदल. नयनाने खिडकी उघडली. मी लावली. तिने उघडली. मी लावली. ती म्हणाली, प्रश्न खिडकीचा नाहीच, तू माझं कधी ऐकलंयस? विचार करून सांगतो म्हटलं.

१ जानेवारी १९९७
संकल्प : यापुढे नयनाचं सगळं ऐकायचं. खिडकी सोडून.

२ जानेवारी
नयना तन्वीला घेऊन सकाळच्या बसने योकोहामाला गेली. परतीचं विमान लवकरचं घेणार. कायमचं यायचं नाही, असं शांतपणे सांगितलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी ट्रेलर आवरायला मागे. जाण्याआधी तिने फटींतले पेपर काढले, खिडकी दोन बोटं उघडली. मी लावायला उठलो नाही.

३ जानेवारी
काचा कोरड्या. गाद्या कोरड्या. हीटर चालू होता, तरीही. दोन माणसं कमी झाल्याचा परिणाम, असं लिहिलं. मग खोडलं. खिडकीच होती; जळत्या गॅसची वाफ तिच्यातून बाहेर गेली. फोन करून सांगावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने?
तन्वीचं घरही काचेवरून गेलंय.
खिडकी लावली. चहाचं आधण ठेवलं, उकळू दिलं. हळूहळू काच धुरकटली आणि घर परत दिसायला लागलं. दारात तिघं आहेत, हे तेव्हा पाहिलंच नव्हतं. सगळ्यात मोठा मी, चष्म्यासकट.
पहिला थेंब माझ्यावरूनच ओघळला.