गाडी घेण्याआधी हे वाच

९ मार्च, सकाळी साडेदहा

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात आणि मी त्यांच्या मागून. तुम्ही तिघं मजेत असाल. आपल्या नातवंडाचा, बटणाचा, पुढचा दात आला का? मागच्या फोटोत तिथे नुसती खिडकी होती.

तुझा मेसेज तीनदा वाचला. "बाबा, आधी घे म्हणालात, चार दिवसांनी थांब म्हणालात. आता काय कारण? की आम्हाला काही मनासारखं मिळालेलं तुम्हाला बघवतच नाही?" तुझा राग समजतो. आठ दिवस थांबते म्हणालीस, त्यातले दोन टपालात जातील, म्हणून लांबण लावत नाही. आता असं म्हणून मी लांबण लावणारच, हे तुला माहीत आहे.

आधी गाडीचं. तू विचारलंस की ही चालता चालता अर्धं इंजिन बंद करणारी भानगड घाबरण्यासारखी आहे का. तर ती भानगड अशी. तुम्ही बघताय ती सेकंडहँड एसयूव्ही सहा सिलिंडरची. चढावर, ओझं असताना सहाही सिलिंडर लागतात. सपाट रस्त्यावर एका वेगात जाताना तेवढी ताकद लागत नाही, तेव्हा गाडी आपणहून त्यातले तीन झोपवते. त्यांचे व्हॉल्व्ह उघडत नाहीत, त्यांना पेट्रोल जात नाही. पाय दाबला की पुन्हा उठवते. हायवेवर पेट्रोल वाचतं. शहरात सिग्नलला थांबत गेलीस तर फार काही हाती लागत नाही. पण जावईबापूंचं काम जमीनमोजणीचं, रोज लांबचा रस्ता, तेव्हा त्यांना ती उपयोगाची आहे.

यात दुखणं एकच. व्हॉल्व्ह उचलणारा एक छोटा लोखंडी तुकडा असतो, लिफ्टर म्हणतात. हे झोपवणं-उठवणं त्याच्याकडून होतं, तेही ऑइलच्या दाबावर. ऑइल वेळेवर बदललं नाही तर तो कधी कधी अडकतो आणि टिकटिकायला लागतो. तेव्हाच बदलला तर काम थोडक्यात आटपतं. दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह हलवणारी दांडी, कॅमशाफ्ट, ती खाऊन टाकतो, मग इंजिन उतरवा. पण हे काही गाड्यांचं होतं, सगळ्यांचं नाही. पुष्कळ गाड्या मी बघितल्यात, लाख लाख किलोमीटर धावून तक्रार नाही. एवढ्यासाठी घाबरायचं म्हटलं तर माणसाने बैलगाडीच घ्यावी, आणि तिचंही चाक करकरतंच.

तू म्हणशील, हेच का ते बाबा, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट सरकवून ठेवलं होतं? हेच. जावईबापूंनी नुसतं सांगितलं होतं की अशी गाडी घ्यायचा विचार आहे. मी काय नाही बोललो! "कंपन्या लोकांना उल्लू बनवतात" इथपासून "ज्याला बोनेट कुठून उघडतं ते ठाऊक नाही त्याने इंजिनवर बोलू नये" इथपर्यंत. ते बिचारे "तुमचा अनुभव मोठा" म्हणून गप्प बसले. तू बसली नाहीस. त्यानंतर आपलं काय झालं ते दोघांनाही माहीत आहे. तू तरी रविवारचा फोन करत राहिलीस, आणि मी तो उचलला नाही. कधी "कामात होतो" असा मेसेज टाकला, कधी तेही नाही. जो माणूस दिवसभर खुर्चीत बसतो त्याला रविवारी कसलं काम?

मी जावईबापूंवर रागावलेलो नव्हतो, ठकू. तेव्हाही नाही आणि आताही नाही.

मध्येच सांगतो, घराचं बरं चाललंय. पुढची खोली आणि स्वयंपाकघर एवढंच वापरतो. बाकी तीन खोल्यांची दारं लावून टाकली. माझंही तुझ्या गाडीसारखंच, भार नसला की अर्धं बंद. झाडून काढायचे कष्ट वाचतात. फक्त आईच्या कपाटाची खोली महिन्यातून एकदा उघडतो, वारा लागावा म्हणून. दुपारी रंगाऱ्याकडे जाऊन बसतो. आपलं गॅरेज त्याने घेतल्यापासून तिथे गाड्या रंगतात. माझा पाना जिथे टांगलेला असायचा तिथे आता त्याने रंगांची पत्रकं लावली आहेत. खुर्ची मात्र माझी ठेवली आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. तीन कागद फाडून झाले.

आपल्या गाण्याच्या बाई आठवतात? तू त्यांच्याकडे सहा महिने गेलीस आणि त्यांनीच तुला परत पाठवलं, त्या. त्यांच्याकडे याच जातीची गाडी होती. दोन वर्षांपूर्वी त्या गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, सकाळी सुरू करताना बारीक टिकटिक होते." मी नेहमीसारखी लोखंडी कांब इंजिनला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं. काहीच नव्हतं. पुन्हा ऐकलं. इंजिन घुमत होतं, बाकी सगळं स्वच्छ. मी हसलो. म्हणालो, "बाई, टिकटिक गाडीत नाही, तुमच्या कानात आहे. चाळीस वर्षं मी इंजिनंच ऐकतोय." त्या ओशाळल्या, सॉरी म्हणाल्या आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी भर उन्हात, गावापासून लांब, ती गाडी रस्त्यात बसली. मागच्या सीटवर त्यांची आई होती, ऐंशी वर्षांची. चार तासांनी मदत मिळाली. म्हातारी आठ दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण त्यानंतर तिने अंथरूण सोडलेलं नाही. गाडी ओढून माझ्याकडेच आणली. मी इंजिन उघडलं. लिफ्टर अडकलेला, कॅमशाफ्ट खरवडून गेलेली. हे एका दिवसात होत नाही. बाईंना जे ऐकू येत होतं ते होतंच.

बाई समोर उभ्या होत्या. मी हात पुसले आणि म्हणालो, "ही अर्धं इंजिन बंद करायची पद्धतच भिकार आहे. याला कोणी काही करू शकत नाही." त्यांनी विश्वास ठेवला. वर माझेच आभार मानले.

त्या दिवसापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलो. जितक्या जोरात सांगावं तितकं मलाच खरं वाटायचं. महिन्याने तुझ्या टेबलावर जावईबापूंनी त्याच गाडीचं नाव काढलं, आणि मी त्यांच्यावर तुटून पडलो. माझी चूक झाकायला मला एक यंत्र पुरलं नाही, माणूसही लागला. आणि तीन महिन्यांनी गॅरेज विकलं ते गुडघ्यांसाठी नाही. गुडघ्यांनी मी अजून दहा वर्षं काढली असती.

बारीक आवाज मला येत नाहीत. कधीपासून, ते सांगता येणार नाही, कारण तुझी आई होती तोवर मला पत्ताच लागला नाही. ती गिऱ्हाइकांसमोर सहज म्हणायची, "अहो, ते विचारताहेत गाडी उद्या मिळेल का." मला वाटायचं, हिला मध्ये बोलायची खोड. मी तिच्यावर खेकसायचोसुद्धा. ती गेली तेव्हा कळलं की निम्मं जग मी तिच्या तोंडून ऐकत होतो. आता दाराची बेल वाजलेली कळत नाही, म्हणून पोस्टमन खिडकीवर थापा मारतो. फोनवर तू बोलायचीस तेव्हा लांबून कोणीतरी भिंतीपलीकडे बोलतंय असं वाटायचं. काहीतरी भलतंच उत्तर देऊन बसेन आणि तुला कळेल, म्हणून उचलायचं सोडलं. तू "बाबा रागावलेत" असं समजलीस. मला ते सोयीचं वाटलं, खोटं का बोलू.

मग मागच्या पंधरवड्यात दोन वर्षांनी तू काही विचारलंस. "शेवटचं विचारते" असं लिहिलंस आणि इंजिनाच्या आवाजाची क्लिप पाठवलीस. मी ती कानाला लावली, नुसती घरघर आली. तेवढ्यावर उत्तर देणं म्हणजे चोरी होती. पण तू विचारलं होतंस, ठकू. मला तुझ्याशी गोड व्हायचं होतं. लिहून टाकलं, "घे. आवाज स्वच्छ आहे." तू लगेच हसरा चेहरा पाठवलास. चार दिवस मी तो उघडून बघत होतो.

चौथ्या दिवशी फुशारकी मारायला ती क्लिप रंगाऱ्याला ऐकवली. तो डबा ढवळत होता. म्हणाला, "मिस्त्री, हे मागे टिकटिक काय करतंय?" ज्याला पाना उलटा धरलेला कळत नाही, त्या माणसाला ऐकू आलं. मी तिथूनच तुला "थांब" लिहिलं.

तर नीट ऐक. तशी गाडी जरूर घ्या, पण ही घेऊ नका. निदान लिफ्टर तपासून घेतल्याशिवाय नाही. आधीच्या मालकाने ऑइल कधी कधी बदललं त्याचे कागद मागा. सकाळी इंजिन गार असताना जावईबापूंनी स्वतः बोनेट उघडून ऐकावं. त्यांचे कान चांगले आहेत, ते शांत माणूस आहेत. माझ्या भरवशावर बटणाला कुठल्याही गाडीत बसवू नकोस.

हे पत्र त्यांनाही वाचायला दे. त्यांचं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं. मी त्यांची माफी मागतो. बाईंकडे उद्या जाणार आहे, म्हातारीच्या पलंगापाशी बसून तिच्यासमोरच सांगेन. काय म्हणतील ते म्हणोत, मोठ्याने म्हणावं लागेल एवढंच.

आणि या रविवारी फोन कर. मी उचलेन. तू काय बोलतेस ते बहुधा मला कळणार नाही, मी काही विचारणारही नाही. पण बोलणारी तू आहेस एवढं मला अजून कळतं. घाईने ठेवू नकोस.

तुझा बहिरा
बाबा