डब्यातली केशरी मॅकरोनी

प्रिय दादा,

आईने जेवण जवळजवळ सोडलंय. दुखणं सरलं, पण अंगात ताकद नाही. डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या. आणि आईने काय मागावं? डब्यातली केशरी मॅकरोनी. दुकानात पत्र्याच्या सीलबंद डब्यात चीजसकट तयार मिळते ती. आई रात्रपाळीला जायची तेव्हा तू आपल्यासाठी करायचास आणि तिच्यासाठी झाकून ठेवायचास, ती.

मला आधी आनंदच झाला. त्या डब्यावरून आपण एकमेकांचे केस ओढलेत. शोधून आणला. उघडला, तर आतून एक थरथरता ठोकळा पचकन भांड्यात पडला, डब्याच्या वळ्या अंगावर घेऊनच. मी रंगाच्या कारखान्यात दिवसभर चिकटपणा मोजते. भिंतीचा प्रायमरसुद्धा याहून बरा ओघळतो. वास ओल्या पुठ्ठ्याचा. नळी जिभेने दाबली की नुसतं पीठ. टाळूवर मेणाचा थर बसला तो गरम चहानेही निघेना. हे आपण बोटं चाटून खायचो?

तरी डब्यावर लिहिल्याबरहुकूम गरम करून आईला दिलं. तिने घास तोंडात धरला, रुमालात काढला आणि म्हणाली, “कारखान्यातून आणलंस काय गं?”

दुसऱ्या दिवशी मी घरी केली. चांगलं चीज, लोणी, दूध, एकही गुठळी नाही. स्वतःच्या हातावर मी खूश. आईने एक चमचा खाल्ला. “छान झालीय. तू खा.” मग पुन्हा डबा आणला, नळ्या धुतल्या, कांदा परतला, मिरी घातली. ते तर घाणीवर अत्तर शिंपडल्यासारखं झालं. मीच फेकून दिलं.

काल संध्याकाळी आणखी एक डबा चढवला आणि कारखान्यातून फोन आला. रंगाचा एक घाणा बिघडला होता. बोलता बोलता खाली लागलं. करपट, कडवट धूर उठला आणि मी जागीच थांबले. दादा, तोच वास! तू शेगडीपाशी पुस्तक घेऊन उभा राहायचास आणि रोज करपवायचास. डब्याचा ओंगळपणा त्या करपटपणाखाली झाकला जायचा. आपल्याला वाटायचं, तिची चवच तशी.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, पूर्वीसारखा खणखणीत. “ठोंब्या, खाली लागलं बघ! पुस्तक ठेव आधी!” आणि भिंत धरत ती चक्क स्वयंपाकघरापर्यंत चालत आली. मला पाहिलं. “तू होय,” म्हणाली आणि वळली. ताटलीला तिने हात लावला नाही.

तुझ्या आणि आईच्या भांडणात मी कधी पडले नाही, आजही पडत नाही. कोण चुकलं ते तुमचं तुम्ही बघा. पण तू घर सोडल्यापासून तिच्या तोंडून तुला मारलेली हाक मी ऐकली नव्हती. माझ्याने हे होणार नाही; करपवूनही झालं नाही. तू ये. येऊन तिच्यासमोर तो घाणेरडा डबा उघड आणि तुला जमतं तसं वाटोळं कर. ती खाईल. मी खाणार नाही.

तुझीच,
ती करपलेली भांडी घासणारी