अक्का, तुझा अंगठा मीच धरला होता

प्रिय अक्का,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. मी पाच मिनिटं बोलले आणि त्या पाच मिनिटांत एकही खरं वाक्य बोलले नाही. म्हणून आज रविवारी, स्वयंपाक तसाच टाकून, हे पत्र लिहायला बसले आहे. तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. तू असताना तीन वर्षं तुझ्यासमोर बसून जे बोलणं जमलं नाही, ते आता लिहिते आहे. म्हणजे उशिराच, नेहमीसारखं.

शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांनी हॉल छान सजवून घेतला होता. तुझा मोठा फोटो, त्याला शेवंतीचा हार. फोटो जुना, आजारपणाच्या आधीचा, तोंड सरळ असलेला. "हाच बरा दिसतो, मॅडम," असं ते मला आधी म्हणाले होते आणि मी मान हलवली होती. मग माइकवर ते म्हणाले की, तू शाळेचा पाया होतीस, आणि प्रकृती साथ देईना तेव्हा मोठ्या मनाने स्वतःहून बाजूला झालीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, अक्का. त्यानंतर मी उठले आणि कमिटीचे आभार मानले.

तू कशी बाजूला झालीस, हे त्या हॉलमध्ये अध्यक्षांसकट कमिटीच्या तिघांना ठाऊक होतं आणि मला. तुला वाटलं असेल, निदान शैला तरी बोलेल. की तसं वाटणंही तू केव्हाच सोडून दिलं होतंस?

तुला आठवतं का, दाजी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली म्हणून तिकडे खोली घेऊन राहिले आणि परत आलेच नाहीत? वर्षभराने कळलं की त्यांनी तिकडे दुसरा संसार मांडलाय. आईने निपाणीहून फोन केला, परत ये म्हणाली. तू म्हणालीस, "तिथे येऊन मी करू काय? इथे निदान मुलं तरी आहेत शिकवायला." देवनहळ्ळीत द्राक्षाच्या एका बागायतदाराच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन तू शाळा काढलीस. पहिल्या वर्षी अकरा मुलं होती. मग मला बोलावून घेतलंस, माझं बी.एड. पूर्ण करून घेतलंस, आणि माझ्या हातात खडू दिलास. मी पहिल्यांदा वर्गात उभी राहिले त्या दिवशी डोक्यावरून विमान गेलं आणि सगळी मुलं खिडकीकडे धावली. मी ओरडणार तेवढ्यात तू दारातून म्हणालीस, "बघू देत गं. मग वाचतील."

पुढे बागा गेल्या आणि प्लॉट पाडून बंगल्यांचे लेआउट आले. ते बांधायला यादगीर-रायचूरकडची माणसं आली, पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. त्यांच्या पोरांची उत्तरेकडच्या वळणाची कन्नड ऐकून आपल्या शाळेतल्या टीचर तोंडाला पदर लावून हसायच्या. तू मात्र त्यांच्याशी आपल्या निपाणीकडच्या कन्नडमध्ये बोलायचीस आणि गप्प बसलेली पोरं बोलती व्हायची. त्यांच्यापाशी ना जन्माचा दाखला, ना मागच्या शाळेचा कागद. "कागद नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, कायदाच आहे तसा," हे तू मला दहादा सांगितलंस, आणि प्रत्येक नाव पटावर घेतलंस. आईने मात्र अर्जावर सही करायची, अंगठा चालणार नाही, अशी तुझी अट होती. "पोरगीला शाळेत घालतेस आणि स्वतः अंगठा उठवतेस होय?" असं म्हणून तू त्या बायकांना व्हरांड्यात बसवायचीस. कुणाला चार दिवस लागायचे, कुणाला पंधरा. नाव लिहिता आलं की मगच अर्ज.

शाळा वाढली तशी कमिटी आली. जागा त्यांची, इमारत त्यांची. मुख्याध्यापिका तू. आणि मी अक्कांची बहीण. एकोणीस वर्षं मी अक्कांची बहीण होते. हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

मग तुला तो झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, आता विश्रांती. तू चार महिन्यांनी काठी टेकत शाळेत आलीस ती थेट पहिलीच्या वर्गात जाऊन बसलीस, भिंतीला टेकून, पोरांच्या रांगेत. डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवायला लागलीस. एक पोरगी तुझ्या पाटीत डोकावून म्हणाली, "मिस, तुमचा 'अ' उलटा आलाय." तू पुसून परत काढलास.

मला लाज वाटली, अक्का. मी तुला बाजूला घेऊन म्हणाले, "मुख्याध्यापिका पहिलीच्या पोरांत बसते, हे नवे पालक बघतात."

तू अडखळत म्हणालीस, "बघू देत. मला 'अ' यायला हवा की नको?"

दिवाळीपर्यंत तुला सही यायला लागली. वेडीवाकडी, चढत जाणारी, पण तुझं पूर्ण नाव. तू मला कागद दाखवलास आणि वाकड्या तोंडाने हसलीस. मी "छान" म्हणाले आणि हजेरीपत्रकं तपासायला गेले. तो कागद मी ठेवायला हवा होता. कुठे गेला, कोण जाणे.

अध्यक्षांनी मला आधी एकटीला बोलावलं होतं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, नव्या लेआउटमधले पालक मुलाखतीला येतात. अक्कांचं बोलणं त्यांना समजत नाही. शेडमधली मुलंही फार झाली, असं म्हणतात. स्वल्प विचार करा. बाहेरचं कुणी आणलं तर अक्कांना वाईट वाटेल. तुम्ही घरच्या आहात."

घरची म्हणून मी हो म्हणाले, असं पुढे सगळ्यांना सांगितलं. आईलाही तेच सांगितलं. खरं काय ते तुला माहीत होतं ना? मला ती खुर्ची हवी होती. तू आजारी पडलीस तेव्हा मी रडले, ते खरंच होतं. आणि रडतानाच कुठेतरी आत वाटलं होतं की आता आपली पाळी. ते पण खरं होतं.

त्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर तुला ऑफिसात बोलावलं. कमिटीचे तिघे, मी आणि तू. अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला. प्रकृतीच्या कारणास्तव आपण स्वेच्छेने पद सोडत आहात. तू सगळं ऐकून घेतलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलावरचा पेपरवेट बघत होते.

"शैला घेणार?" तू विचारलंस.

"हो, अक्का. तात्पुरतं," मी म्हणाले.

तू डावा हात पेनकडे नेलास. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ही सही रेकॉर्डमधल्या सहीशी जुळणार नाही. पुढे भानगड नको. अंगठाच घेऊ." आणि त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

"मला सही येते," तू म्हणालीस. शब्द फुटके होते, पण मला स्पष्ट कळले. त्या खोलीत कळले ते फक्त मलाच. अध्यक्षांनी मला विचारलं, "काय म्हणतात?"

मी म्हणाले, "सरी, ठीक आहे म्हणतात."

आणि तुझा अंगठा मी धरला. तुझ्या डाव्या हाताचा, सहा महिने पाटीवर झिजवलेल्या हाताचा. पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. तू हात मागे ओढला नाहीस. ओढायचा होतास गं. एकदा तरी ओढायचा होतास. मी सोडला असता की आणखी घट्ट धरला असता, ते मला तरी कळलं असतं.

माझी तुझ्यावर तक्रार तीच आहे. तू मला कधीच काही बोलली नाहीस. दर रविवारी मी डबा घेऊन यायची, तू जेवायचीस आणि विचारायचीस, "तिसरीची मुलं वाचतात का आता?" एखाद्या रविवारी डबा फेकून मारला असतास तर मी तुझे पाय धरले असते. तू डबा धुऊन परत द्यायचीस. तुला वाटलं का की मी आपण होऊन बोलेन? इतकी वर्षं मला ओळखून?

तू पदावरून गेल्यावर कमिटीने नियम केला, कागदाशिवाय प्रवेश नाही. तो चुकीचा आहे हे मला तूच शिकवलं होतंस, आणि तरीही मी गेटवर उभी राहून शेडमधल्या बायकांना परत पाठवलं. पहिल्या वर्षी सात मुलं. पुढच्या वर्षी किती, ते मी मोजलं नाही. त्या बायका तुझ्याकडे गेल्या. तू काठी टेकत त्यांच्या शेडवर जायला लागलीस. सिमेंटच्या गोण्या रचलेल्या कोपऱ्यात, पत्र्याच्या भिंतीवर डाव्या हाताने अक्षरं काढायचीस. लोक मला येऊन सांगायचे. मी तुझ्याशी भांडायला आले.

"हे थांबव अक्का. तुझं हे वय, ही तब्येत. आणि लोक म्हणतात, मुख्याध्यापिकेची बहीण शेडमध्ये शिकवते."

तू म्हणालीस, "तू पटावर घे त्यांना. मी लगेच थांबते."

तीन वर्षांत तू एवढं एकच मागितलंस. मी म्हणाले, बघते.

तू गेलीस त्या सकाळी मी पालकांच्या मुलाखती घेत होते. फोन पर्समध्ये, आवाज बंद. यल्लम्मा म्हणून एक बाई आहे, तिची दोन पोरं तुझ्याकडे शिकत होती, ती तुला हाताने उचलून रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. तिने मला अकरा वेळा फोन केला. मी बाहेर आले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. दवाखान्यात पोचले तर ती जमिनीवर बसली होती, कपड्यांना सिमेंट लागलेलं, मांडीवर तुझ्या चपला. तिने फक्त मान हलवली. तुझ्या नखांत खडू होता, अक्का. शिकवता शिकवताच कोसळलीस. मी तो काढायला गेले तर नर्स म्हणाली, आता राहू द्या.

काल शोकसभेला या बायका आल्या होत्या. वॉचमनने त्यांना गेटवर थांबवलं, कारण निमंत्रितांच्या यादीत त्यांची नावं नव्हती. यादी मी केली होती. सभा संपून, चहा-पाणी होऊन मी बाहेर आले तर त्या तशाच उन्हात उभ्या. बारा-तेरा बायका आणि त्यांची पोरं. कामावर खाडा करून आल्या होत्या. आत काय बोललं गेलं, ते त्यांनी लाउडस्पीकरवर ऐकलं असणार. मला वाटलं, आता यल्लम्मा जाब विचारणार. मी मनात उत्तर शोधायला लागले.

तिने विचारलं, "टीचर, अक्का गेल्या. आता आमच्या पोरांना कोण शिकवणार?"

एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता. अध्यक्षांची गाडी मागून हॉर्न वाजवत आली आणि त्या सगळ्याजणी गेटपासून बाजूला झाल्या, त्यांना सवय असल्यासारख्या. अध्यक्षांनी काच खाली करून मला म्हटलं, "छान बोललात, मॅडम." मी त्यांना नमस्कार केला. हात आपोआप जोडले गेले.

अक्का, मी रात्रीत चांगली बाई झालेली नाही. आज सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी माझ्या मनात आलं की, नोकरी गेली तर या वयात मला कोण घेणार. मी तुझ्यासारखी दोन खोल्या भाड्याने घेऊन पुन्हा सुरुवात करणारी नाही, ते तुलाही माहीत आहे. क्षमाही मागत नाही. मागितली तर तू "राहू दे" म्हणशील, आणि मला ते "राहू दे" आता नको आहे.

पण एक वचन देते. उद्या सोमवारी सकाळी मी शेडवर जाईन, फोन न करता, स्वतः. यल्लम्माच्या पोरांपासून सुरुवात करून सगळ्यांची नावं मी माझ्या हाताने पटावर घालीन. कागद मागणार नाही. अध्यक्ष विचारतील तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन की, त्या शनिवारी अक्का "मला सही येते" म्हणाल्या होत्या आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं. कमिटीच्या इतिवृत्तात ते लिहून घ्यायला लावीन. मग त्यांना जे करायचं ते करू देत. मुलांची नावं एकदा पटावर आली की ती सहजासहजी खोडता येत नाहीत. हे पण तूच शिकवलं होतंस.

तुझी,
शैला